शेरा

टाइलच्या कारखान्यात माझं काम शेड बघण्याचं.
पांढऱ्यातले अकरा पांढरे मला कळतात:
दुधी, खडूचा, हाडाचा, निळीत जरा चुकलेला.
पट्ट्यावरून फरशी सरकते, मी बोट उचलतो,
ती बाजूला होते.
जिभेचं असं काही शिक्षण नाही.
देवरुखला घरी चवी दोनच. जमलंय,
किंवा मीठ कमी.

रस अल खैमा. नखीलमधली तिसऱ्या मजल्यावरची खोली,
खाली शिंपी, समोर डोंगर,
तोही भट्टीतून नुकता काढल्यासारखा.
शनिवारी हायवेलगतच्या दुकानात जातो
आणि वरच्या फळ्यांकडे मान न उचलता
खालच्या फळीशी उकिडवा बसतो,
जिथे बाटल्यांना बुचाऐवजी फिरकीचं झाकण असतं
आणि किंमत बावीस दिरहमच्या आत.
लेबलवर किल्ला. नाहीतर घोडा.
घोड्याची मला जास्त आवडते, का ते माहीत नाही.

कारखान्यातली एक जुनी वही घरी आणलीय.
रकाने आखलेलेच होते:
तारीख, बॅच, शेड, दोष, शेरा.
मी काही बदललं नाही.

दिलावर पारकर पीत नाही.
खिडकीशी बसून संत्रं सोलतो,
पण झाकण करकरलं की म्हणतो, "सांग."

मी सांगतो. आधी काळं लागतं,
मग गोड वाटतं, पण नसतं,
शेवटी दातांवर काहीतरी राहतं,
जीभ फिरवली तरी हलत नाही.
"करवंद," पारकर. "अर्धं पिकलेलं. चिकासकट."
मी लिहितो.
पुढची.
"जांभळाची बी चघळलीयस?"
चघळलीय.
"तीच ना?"
तीच.
तिसरीला मी नुसतं तोंड वाकडं केलं
तर हा म्हणे, आमसुलाच्या बरणीचा तळ.

पांढरी मुळात पांढरी नसतेच.
आमच्या तक्त्यात ती तेवीस नंबर,
वाळलेल्या गवताची, ट्यूबखाली हिरवट.
बाटलीवर लिहितात, कोरडी.
ओली वस्तू कोरडी कशी,
यावर आमचा एक अख्खा शनिवार गेला.
शेवटी त्यानं विचारलं,
"रहाटाची साखळी चाटलीयस कधी?"
तू चाटलीस?
"लहानपणी सगळे चाटतात. लिही."
मी घोट घेतला. साखळीच होती,
वर पाण्याचा थेंब असलेली.

थंड असेपर्यंत बरी. कोमट झाली की व्हिनेगरकडे निघते.
एकदा उरलेली मी कोळंबीत ओतली.
पारकरनं त्या रात्री अंडी उकडून खाल्ली,
बोलला काहीच नाही.
दोषाच्या रकान्यात
मी माझं नाव लिहिलं.

मे महिन्यात तो कायमचा गेला, हर्णैला.
व्हिसा रद्द, दोन बॅगा, दूध पावडरचा एक डबा.
विमानतळावर म्हणाला,
"महागातली घेऊ नको हां.
महागाचं मला सांगता यायचं नाही."

त्यानंतरची पानं अशी:
लाल. ठीक.
लाल. बरी.
पांढरी. गार.
एका पानावर फक्त तारीख
आणि ग्लासाच्या बुडाचा गोल,
शेड अजून ठरवलेली नाही,
दर आठवड्याला ती जराशी तपकिरी होते.

आता खोलीत शिनोज आहे, त्रिशूरचा, भट्टी विभागात.
तो रम पितो, तीही उभ्यानं.
काल मी घोड्याची पांढरी उघडली,
त्याला स्टीलच्या पेल्यात थोडी दिली,
आणि सवयीनं म्हणालो, "सांग."
त्यानं एक डोळा मिटला.
"पुळी," म्हणाला.

आमच्यात पुळी म्हणजे फोड, तोही नाकावरचा.
त्यांच्यात काय असते, विचारलं नाही.
शेड तेवीस, दोष निरंक,
शेरा: पुळी.
मग आणखी एक घोट घेतला
आणि एक डोळा मिटून बघितला.